आइस हॉकीतले राडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मे आला की टोरंटोच्या आसपासच्या मराठी घरांत दोन गोष्टी एकदमच येतात. देशातून आई-बाबा आणि टीव्हीवर हॉकीचे प्लेऑफ. बाबांच्या लेखी हॉकी म्हणजे ध्यानचंद. त्यामुळे बर्फावरची पहिली मारामारी बघून चहाचा कप हातातच राहतो आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. आमच्या दिवाणखान्यात दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. क्रम आमच्या घरी प्रश्न आले तसाच आहे.

दोघं एकमेकांना ठोसे मारतायत आणि पंच नुसते बघतायत! असं कसं?

ते संधीची वाट बघत असतात. नव्वद-शंभर किलोचे दोन गडी, पायात धारदार पाती, खाली घसरडा बर्फ. मध्ये घुसलं तर पहिला ठोसा पंचालाच बसायचा. म्हणून दोन लाइन्समन, म्हणजे साहाय्यक पंच, दोन बाजूंना उभे राहतात. दोघांपैकी एक पडला, दमला किंवा जर्सीत हात अडकला, की झटकन आत शिरून दोघांना वेगळं करतात. तोवर बाकीच्यांनी आपापल्या बेंचकडे जायचं आणि गोलकीपरने जाळ्यासमोरची आपली जागा सोडायची नाही, असा नियम आहे.

उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये अशा मारामारीला पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायची शिक्षा मिळते. पाच मिनिटं झाली की गडी परत खेळायला मोकळा. हे ऐकून आईने डोळे विस्फारले होते. पण ही सवलत तिथली आहे. ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेत मारामारी केली तर थेट सामन्याबाहेर.

हातमोजे का टाकतात?

मोजे जाड आणि कडक असतात, त्यांनी मारणं हलकटपणा समजला जातो. शिवाय समोरच्याची जर्सी पकडल्याशिवाय बर्फावर उभंच राहता येत नाही. मोजे पडले म्हणजे आमंत्रण आलं.

जर्सीवरून आठवलं. रॉब रे नावाचा एक खेळाडू होता. मारामारीत त्याची जर्सी हमखास अंगावरून निघून यायची, मग समोरच्याला धरायला काही उरायचंच नाही. त्याच्यामुळे नियम करावा लागला की जर्सी मागून पट्ट्याने विजारीला बांधलेली हवी. न बांधता मारामारीत उतरलात आणि ती निघाली, तर सामन्याबाहेर. हा रॉब रे पुढे एकदा येणार आहे.

मग राडा कशाला म्हणायचं? दोघांच्या मारामारीत आणि त्यात फरक काय?

फरक बेंचच्या दाराचा आहे.

बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू असतात, गोलकीपर धरून. संघ असतो वीस जणांचा. म्हणजे चौदा जण कठड्याआड बेंचवर. बर्फावरचे सगळे एकमेकांना भिडले तर ती मोठी मारामारी. पण बेंचवरचे कठड्यावरून उड्या टाकून आत आले की खरा राडा. चाळीस माणसं बर्फावर आणि त्यांना आवरायला, पूर्वीच्या काळी, तीन पंच. आता एनएचएलमध्ये चार असतात.

पण एक उठला म्हणून बाकीच्यांनी कशाला उठायचं?

हा प्रश्न बाबांचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं डोकी फिरली. काहींची फिरतातही. पण बेंचवर बसलेल्याच्या डोक्यात त्या क्षणी साधी वजाबाकी चालू असते. त्यांचे चौदा आत गेले तर बर्फावर ते वीस आणि आपले सहा. प्रत्येक आपल्या माणसाला तिघं-तिघं. आता बसून राहणं म्हणजे आपल्या गड्यांना मार खायला सोडणं. म्हणून दुसरा बेंच रिकामा व्हायला सेकंदही लागत नाही.

जुन्या चित्रफिती नीट पाहिल्या तर राड्यातले बहुतेक जण ठोसे मारतच नसतात. समोरचा एक गडी पकडून, जर्सी मुठीत घट्ट धरून नुसते उभे असतात. ‘तू याला धर, मी त्याला धरतो’ असा हिशोब. जोड्या जुळल्या की राडा फारसा लागत नाही. एखादी जोडी विस्कटली, एकावर दोघं आले, की माणसं मोडतात. एनएचएलने १९७१ मध्येच नियम केला होता की दोघांच्या मारामारीत घुसणारा तिसरा थेट बाहेर. पण अख्खा बेंच उठल्यावर तिसरा कोण आणि तेरावा कोण, हे मोजणार कोण?

थोडक्यात, खरा दोषी कोण हे शोधायचं तर ‘पहिला ठोसा कुणी मारला’ यापेक्षा ‘बेंचवरून पहिला कोण उठला’ हे विचारावं. हे शहाणपण यायला हॉकीवाल्यांना १९८७ साल उजाडावं लागलं.

१९८७ मध्ये काय झालं?

दोन गोष्टी, चार महिन्यांच्या अंतराने. आधी पहिली.

४ जानेवारी १९८७. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं, आता स्लोव्हाकियात असलेलं पिएश्त्यानी नावाचं गाव. गरम पाण्याच्या औषधी झऱ्यांसाठी प्रसिद्ध, आपल्या वज्रेश्वरीसारखं, लोक सांधे बरे करायला जातात. तिथे वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा चालू होती आणि शेवटच्या सामन्यात कॅनडा आणि सोव्हिएत संघ समोरासमोर होते.

राड्याचं मूळ गुणतक्त्यात आहे. कॅनडाचं किमान कांस्य नक्की होतं, आणि पाच गोलांनी जिंकले असते तर सुवर्ण फिनलंडकडून हिसकावता आलं असतं. सोव्हिएत मुलांचं मात्र पदक केव्हाच गेलं होतं. एका बाजूला हातातोंडाशी आलेला घास, दुसरीकडे गमावण्यासारखं काहीच नाही. अशा सामन्याला अनुभवी पंच हवा. मिळाले नॉर्वेचे हान्स रॉनिंग, ज्यांना असल्या चुरशीची सवय नव्हती. स्टिकचे फटके, कोपरं, ढकलाढकली सुरुवातीपासूनच चालू होती. कॅनडाच्या थिओ फ्लुरीने पहिला गोल केल्यावर गुडघ्यांवर घसरत जाऊन, स्टिक मशीनगनसारखी धरून सोव्हिएत बेंचवर रोखली. शीतयुद्धाच्या काळात! त्या वयातल्या पोराला सुचणारी मस्करी, पण समोरची पोरंही त्याच वयाची होती.

तीनपैकी दुसऱ्या सत्राची सहा मिनिटं आणि सात सेकंद उरली असताना कॅनडा ४-२ ने पुढे होता. पावेल कोस्तिचकिन आणि फ्लुरी एकमेकांना भिडले, मग बर्फावरचे बाकीचेही भिडले. इथवर नेहमीचंच. तेवढ्यात सोव्हिएत बेंचवरून एव्हगेनी दाव्हिदोव्ह कठड्यावरून उडी टाकून आत आला, त्याच्यामागे त्याचा संघ, आणि पाठोपाठ कॅनडाचा. सोव्हिएत आधी आल्यामुळे काही क्षण जोड्या विषम पडल्या आणि तिथेच सगळं बिघडलं. व्लादिमीर कोन्स्तांतिनोव्हने डोक्याची धडक मारून ग्रेग हॉगुडचं नाक फोडलं. रॉनिंग आणि दोन लाइन्समन यांनी थोडा वेळ प्रयत्न केला, मग चक्क बर्फ सोडून निघून गेले.

आणि दिवे घालवले म्हणतात, ते खरं?

खरं. आयोजकांना वाटलं, अंधार केला की पोरं थांबतील. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये बँडवाले थांबेनात की कुणीतरी मेन स्विच बंद करतो, तसलाच उपाय. पोरं थांबली नाहीत. प्रेक्षकांच्या शिट्ट्या चालू, टीव्हीच्या पडद्यावर काळोखात हलणाऱ्या सावल्या आणि खाली मारामारी सुरूच. जोडीदाराची जर्सी मुठीत असताना अंधार झाला तर ती सोडायची हिंमत कोण करेल, हे माझं मत. अंधारात तर आणखी घट्ट धरणार. शेवटी पोरं दमली म्हणून थांबली.

शिक्षा कुणाला झाली?

सगळ्यांना. सामना रद्द आणि दोन्ही संघ स्पर्धेतून बाद. बैठकीत या निर्णयाच्या विरोधात एकच मत पडलं, कॅनडाच्या प्रतिनिधीचं. सुवर्ण फिनलंडला, त्यांचं या स्पर्धेतलं पहिलंच. खेळाडूंवर आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी १८ महिन्यांची बंदी आली, जी पुढे कमी केली गेली. प्रशिक्षकांवर तीन वर्षांची.

कॅनडात मात्र निम्मा देश लाजला आणि निम्मा चिडला. टोरंटो मेपल लीफ्सचे मालक हॅरल्ड बॅलर्ड यांनी तर कॅनडाच्या मुलांसाठी स्वतःच्या खर्चाने सुवर्णपदकं बनवून घेतली. बॅलर्ड यांचा एकंदर लौकिक पाहता यात मुलांवरचं प्रेम किती आणि रशियनांना चिडवण्याची हौस किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

एनएचएलमध्ये असले राडे होत नव्हते का?

होत नव्हते? त्यांचं तर माहेर तेच.

सगळ्यांत बदनाम राडा २० एप्रिल १९८४ चा, गुड फ्रायडेच्या रात्रीचा. मॉन्ट्रियल कॅनडियन्स विरुद्ध क्युबेक नॉर्डिक्स. एकाच प्रांतातले दोन संघ, आणि दोघांमागे दोन बिअर कंपन्या: मॉन्ट्रियल मोल्सनचा, क्युबेक कार्लिंग ओ’कीफचा. म्हणजे भांडण दारूच्या दुकानापर्यंत पोहोचलेलं. दुसरं सत्र संपताना राडा झाला आणि त्यात क्युबेकच्या लुई स्लायरच्या ठोशाने मॉन्ट्रियलचा जाँ हॅमेल बर्फावर बेशुद्ध पडला.

पण त्या रात्रीचा खरा घोळ मध्यंतरानंतरचा आहे. कुणाकुणाला बाहेर काढलंय हे जाहीर होण्याआधीच दोन्ही संघ तिसऱ्या सत्रासाठी बर्फावर परतले. आपल्याला काढणारच आहेत हे ज्यांना कळून चुकलं होतं, त्यांना आता कशाची भीती? दुसरा राडा पहिल्याहून मोठा झाला. त्यात दोन सख्खे भाऊ समोरासमोरच्या संघांत होते, क्युबेककडून डेल हंटर, मॉन्ट्रियलकडून मार्क हंटर. एकूण २५२ मिनिटांच्या पेनल्टी. क्युबेकचा हुकमी एक्का पीटर श्टास्नी बाहेर गेला, आणि ०-२ ने मागे पडलेल्या मॉन्ट्रियलने तिसऱ्या सत्रात पाच गोल ठोकून सामना ५-३ असा जिंकला. ‘मारामारीने सामन्यावर काही परिणाम होत नाही’ असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो.

मग हे थांबलं कसं? (१९८७ ची दुसरी गोष्ट)

१४ मे १९८७, पुन्हा मॉन्ट्रियल, समोर फिलाडेल्फिया फ्लायर्स. सामना सुरूसुद्धा झाला नव्हता.

मॉन्ट्रियलच्या क्लोद लेम्यूची एक श्रद्धा होती. सामन्याआधीचा सराव संपला की सगळ्यात शेवटी बर्फावर थांबून समोरच्या संघाच्या रिकाम्या जाळ्यात पक, म्हणजे बॉलऐवजी वापरतात ती रबरी चकती, मारायचा. फ्लायर्सना हे खुपत होतं. त्या संध्याकाळी त्याने पक मारला आणि एड हॉस्पोडारने त्याला धरून बदडायला सुरुवात केली. ड्रेसिंग रूममध्ये बातमी गेली आणि दोन्ही संघांतले खेळाडू धावत बाहेर आले, काही जण अर्ध्या कपड्यांत, काही सपाता घालून. सरावाच्या वेळी बर्फावर पंच नसतातच. आवरायला कुणीच नाही.

हॉस्पोडारला उरलेल्या प्लेऑफमधून काढलं, दोन्ही संघांना दंड झाले. पण महत्त्वाचं ते त्यानंतर. पुढच्या मोसमापासून एनएचएलने नियम कडक केला: बेंच सोडून भांडणात येणाऱ्या पहिल्या खेळाडूला दहा सामन्यांची बंदी, दुसऱ्याला पाच. प्रशिक्षकावरही बंदी आणि दंड.

मला हा नियम फार हुशार वाटतो. सगळ्यांना सारखी शिक्षा दिली असती तर पोरांनी ती वाटून घेतली असती, पिएश्त्यानीसारखी. इथे फक्त पहिल्याला जबर किंमत. दहा सामने म्हणजे दहा सामन्यांचा पगार बुडाला. आता बेंचवरचा प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो: ‘तू ऊठ, मग मी येतो.’ पहिला उठतच नाही, त्यामुळे वजाबाकीची वेळच येत नाही. मारामारी नियमाने थांबली नाही, बेंचचं दार तेवढं बंद झालं.

मग २०२४-२५ मध्येही सगळे एकदम भिडलेले आम्ही पाहिले, ते काय होतं?

दार बंद आहे, पण आत असलेले पाच-पाच जण अजून भांडू शकतात. ३ एप्रिल २०२४ ला न्यू यॉर्क रेंजर्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्स यांच्या सामन्यात पहिला पक पडला आणि त्याच क्षणी गोलकीपर सोडून दहाच्या दहा जण जोड्या करून तुटून पडले. आठ जण बाहेर. दहातले आठच का? कारण खेळ एकदा थांबलेला असताना पहिल्या मारामारीनंतर जी मारामारी होईल, तिच्यातले बाहेर, असा नियम आहे. मूळ जोडी मॅट रेम्पी आणि कर्टिस मॅकडर्मिड यांची. ते पाच मिनिटं बसून परत खेळले.

हाच नियम ध्यानात ठेवून १५ फेब्रुवारी २०२५ चा कॅनडा-अमेरिका सामना आठवा. देशांचा सामना, पण स्पर्धा एनएचएलने भरवलेली, म्हणून नियमही तिथलेच. मॉन्ट्रियलमध्ये प्रेक्षकांनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली होती. पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. मॅथ्यू कचक, मग त्याचा भाऊ ब्रेडी कचक, मग जे. टी. मिलर. पण एकदम नाही, एकामागून एक, मध्ये पक टाकून. त्यामुळे तीनही स्वतंत्र धरल्या गेल्या आणि कुणीच बाहेर गेलं नाही. अमेरिकन खेळाडूंनी आधी मोबाइलवर आपसात मेसेज करून ठरवलं होतं. गुद्दे मारणारे गणितात कच्चे असतात हा आपला गैरसमज. सामना अमेरिकेने ३-१ ने जिंकला.

साठ मिनिटांच्या सामन्यात ४१९ मिनिटांची पेनल्टी कशी होते?

सगळ्या खेळाडूंच्या मिनिटांची बेरीज असते ती. मारामारीची पाच, गैरवर्तनाची दहा, बाहेर काढलं तर हिशोबात आणखी दहा. ४१९ हा एनएचएलचा विक्रम, ५ मार्च २००४, फिलाडेल्फिया विरुद्ध ओटावा. शेवटची पावणेदोन मिनिटं उरली असताना डोनल्ड ब्रॅशिअर आणि आपले जर्सीवाले रॉब रे भिडले, मग एकापाठोपाठ एक मारामाऱ्या, अगदी गोलकीपरसुद्धा. कुणाला किती मिनिटं याचा हिशोब लावायला नंतर दीड तास लागला म्हणतात. बेंच मात्र तेव्हाही उठला नव्हता.

रशियातल्या केएचएल या लीगमध्ये ९ जानेवारी २०१० ला याहून वरताण झालं. वित्याझ आणि आवांगार्द यांचा सामना चौथ्या मिनिटातच सोडून द्यावा लागला, कारण खेळायला माणसंच उरली नाहीत. ७०७ मिनिटं.

प्रेक्षकांना कधी मारलंय?

२३ डिसेंबर १९७९, न्यू यॉर्क. बॉस्टनचे खेळाडू काचेवरून चढून प्रेक्षकांत घुसले, आणि माइक मिलबरीने एका प्रेक्षकाला त्याच्याच बुटाने मारलं. त्यानंतर काचा उंच झाल्या.

खरंच लागतं की कुस्तीच्या टीव्ही शोसारखं नाटक असतं?

खरंच लागतं. ठोशापेक्षा धोका पडण्याचा, हेल्मेट निघालेलं डोकं बर्फावर आपटण्याचा. म्हणूनच मारामारीआधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर २०१३ पासून वेगळी शिक्षा आहे. आणि हळूहळू होणारी इजा त्याहून वाईट. केवळ मारामारीसाठी संघात ठेवलेला डेरेक बुगार्ड २०११ मध्ये २८ व्या वर्षी गेला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार मार बसल्याने होणारा आजार सापडला. हे सांगितल्यावर आमच्या घरी टाळ्या वाजवणारे पाहुणे जरा गप्प होतात.

नातवाला हॉकीला घातलंय. तिथेही हेच?

नाही. लहान मुलांच्या हॉकीत मारामारी केली तर सामन्याबाहेर आणि वर बंदी. दात जातील ते पक लागून जातील.

भारतात आइस हॉकी आहे का?

आहे, मुख्यतः लडाखमध्ये, गोठलेल्या तळ्यांवर. २०२५ मध्ये भारतीय महिलांनी आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. तिथे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे हात उचलला की बाहेर.

पिएश्त्यानीच्या त्या पोरांचं पुढे काय झालं?

गंमत तिथेच आहे. कॅनडाकडून राड्यात असलेला ब्रेंडन शॅनहन आणि सोव्हिएतांकडून असलेले सर्गेई फेदोरोव्ह आणि तो नाक फोडणारा कोन्स्तांतिनोव्ह, दहा वर्षांनी डेट्रॉइटच्या एकाच संघात होते आणि १९९७ चा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, त्यांनी एकत्र जिंकला. त्यानंतर सहाच दिवसांत कोन्स्तांतिनोव्ह मोटार अपघातात असा जखमी झाला की पुन्हा खेळला नाही. शॅनहन २०११ मध्ये एनएचएलच्या त्या विभागाचा प्रमुख झाला, जो खेळाडूंना शिस्त लावतो आणि बंदी घालतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं बाबा म्हणाले. मला उलट वाटतं, राडा आतून पाहिलेला माणूस त्या खुर्चीत बरा.

त्या दिवशी बेंचवरून उठलाच नाही, असा कुणी होता का?

होता. कॅनडाचा प्येर तुर्जाँ, वय १७. दिवे जाण्याआधीही तो बेंचवर बसलेला होता, खाली मान घालून. मार खाणाऱ्या काही सहकाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं विसरलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये एनएचएलचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा बफलोने त्याला सगळ्यात आधी निवडलं, पुढे त्याने एनएचएलमध्ये ५१५ गोल केले, आणि हॉकीतल्या दिग्गजांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमने मात्र त्याला २०२३ पर्यंत ताटकळत ठेवलं.

यावर आमच्या घरी दोन तट आहेत. आई म्हणते, तेवढा एकच शहाणा मुलगा होता. बाबा म्हणतात, सोबतचे मार खात असताना माणसाला बसवतं कसं? जूनमध्ये दोघं नाशिकला परत गेले, तरी रविवारच्या फोनवर भाज्यांचे भाव झाले की गाडी परत तुर्जाँवर येतेच.